ज्याने सृष्टीला नावे दिली

स्वीडनच्या जंगलातील स्प्रूस वृक्ष आणि सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जिवाणू, या दोघांची तुलना करावयाची म्हटली तर ती कोणालाही विचित्रच वाटेल. एक तीस-चाळीस मीटर उंचीचा, सुईसारख्या पानांचा, बर्फात शतकानुशतके तग धरणारा सूचिपर्णी वृक्ष. दुसरा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित लांब, नुसत्या डोळ्यांना कधीही न दिसणारा आणि अनुकूल हवा मिळताच काही तासांत दुप्पट होणारा जीव. एकाच्या लाकडावर देशाचे अर्थकारण उभे राहते. दुसऱ्यामुळे शेतकऱ्याची उभी बाग हातची जाते. तरीही जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत या दोघांची नोंद एकाच रीतीने होते. ‘पायसिया एबीस’ हा स्प्रूस आणि ‘झॅन्थोमोनास सिट्री’ हा जिवाणू. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या घराण्यातील विशिष्ट जातीचा.

सजीवांना असे दोन शब्दांत ओळखण्याची रीत ज्याने रूढ केली, त्या कार्ल लिनियस यांनी स्प्रूसच्या सावलीतच आयुष्य काढले. जिवाणू मात्र त्यांना कधीच ओळखता आला नाही. त्यांच्या चरित्रातील थोरवी आणि मर्यादा या दोहोंचे मर्म या विसंगतीत दडलेले आहे.

दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात, रॉशुल्ट या लहानशा खेड्यात २३ मे १७०७ रोजी लिनियस यांचा जन्म झाला. वडील निल्स हे धर्मोपदेशक होते आणि बागेचे शौकीन. त्या काळी स्वीडनच्या खेड्यांत आडनावाची रीत नव्हती. विद्यापीठात नाव घालताना आडनाव लावणे भाग पडले, तेव्हा निल्स यांनी घराच्या जमिनीवरील लिंडन वृक्षावरून ‘लिनियस’ हे नाव घेतले. पुढे सृष्टीला आडनावे वाटणाऱ्या या मुलाचे स्वतःचे आडनाव असे एका झाडाकडून आलेले होते.

लहानगा कार्ल रडू लागला की त्याच्या हाती फूल दिले जाई आणि तो शांत होई, अशी आठवण सांगितली जाते. चार-पाच वर्षांचा असताना तो वडिलांना प्रत्येक झाडाचे नाव विचारी, आणि दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा तेच विचारी. अखेर वडिलांनी बजावले, की सांगितलेले नाव लक्षात राहणार नसेल तर पुढे एकही नाव सांगणार नाही. त्या धाकाने मुलाने नावे पाठ करण्याचा ध्यास घेतला. नाव विसरले की ज्ञानही हातचे जाते, हा धडा त्याला असा बालपणीच मिळाला.

शाळेत मात्र त्याचे फारसे जमले नाही. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही आईवडिलांची इच्छा. त्याचे मन मात्र रानात. वेक्शो येथील शिक्षकांनी, याला शिंपी किंवा चांभार यांच्या हाताखाली ठेवावे, असा सल्ला वडिलांना दिला. त्या वेळी योहान रोथमान या डॉक्टर-शिक्षकाने मध्ये पडून मुलाला वैद्यकाकडे वळवले. वैद्यक म्हणजे त्या काळी वनस्पतिशास्त्रही. कारण औषधे झाडपाल्याचीच असत.

१७२७ मध्ये लुंड आणि १७२८ मध्ये उप्साला येथील विद्यापीठात लिनियस दाखल झाले. दारिद्र्य इतके, की फाटक्या बुटांत कागद घालून दिवस काढावे लागत. उप्सालाच्या बागेत ओलोफ सेल्सियस या विद्वान धर्मपंडिताची गाठ पडली आणि त्यांनी या तरुणाला आपल्या घरी आसरा दिला. याच दिवसांत पेटर आर्टेडी हा जिवलग मित्र लाभला. दोघांनी सृष्टी जणू आपसांत वाटून घेतली. आर्टेडीकडे मासे, लिनियसकडे वनस्पती. दोघांपैकी कोणी आधी गेला, तर मागे राहिलेल्याने त्याचे लेखन प्रसिद्ध करावे, असा करारही झाला.

मे १७३२ मध्ये, पंचविसावा वाढदिवस उजाडण्याच्या आदल्या दिवशी, लिनियस उप्सालाहून एकटेच घोड्यावरून उत्तरेकडे निघाले. उमेओमार्गे लॅपलँड गाठून, दलदली तुडवीत आणि डोंगर ओलांडून ते ऑक्टोबरमध्ये परतले. या प्रवासाने त्यांना घडवले. स्प्रूस आणि पाइन ही केवळ झाडे नव्हेत, तर तेथील माणसांचे अन्न, छप्पर, इंधन आणि औषधही आहेत, हे त्यांनी जवळून पाहिले. धान्य अपुरे पडले की पाइनची आतली साल वाळवून, दळून तिच्या भाकरी करून माणसे जगत. याच सूचिपर्णी वनांच्या शेवाळी जमिनीवर उगवणारी, जुळ्या गुलाबी फुलांची एक नाजूक वेल त्यांना फार आवडली. पुढे तिला ‘लिनिया बोरेॲलिस’ हे त्यांचेच नाव मिळाले आणि त्यांच्या अनेक चित्रांत हातात तेच फूल दिसते.

१७३५ मध्ये डॉक्टरकीच्या पदवीसाठी ते हॉलंडला गेले. फालून येथील डॉक्टर मोरेयस यांच्या सारा लिसा या कन्येशी विवाह ठरला होता. परंतु परदेशी पदवी मिळवूनच लग्न करावे, असे ठरले होते. हार्डरवेइक येथे आठवड्याभरात त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता हिवतापाचे कारण. चिकणमातीचे बारीक कण पाण्यावाटे शरीरात जाऊन ताप आणतात, असा त्यांचा तर्क होता. तो साफ चुकीचा ठरला. परंतु रोगामागे डोळ्यांना न दिसणारे काहीतरी असावे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

त्याच वर्षी लायडन येथे ‘सिस्टिमा नॅचुरी’ हे त्यांचे पुस्तक निघाले. मोठ्या आकाराच्या जेमतेम डझनभर पानांत त्यांनी खनिजे, वनस्पती आणि प्राणी यांची मांडणी केली होती. वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी त्यांनी फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजण्याची सोपी युक्ती योजली. फुलांचे हे उघडे संसारचित्र काही सनातनी पंडितांना अश्लील वाटले. पण विद्यार्थ्यांना ते चटकन समजले. युक्ती सोपी होती, तशीच कृत्रिमही. तिच्या हिशेबाने स्प्रूस आणि एरंड एकाच गटात जाऊन बसले. हा निसर्गाचा खरा क्रम नव्हे, याची जाणीव लिनियस यांना स्वतःलाच होती.

याच वर्षाच्या सप्टेंबरात आर्टेडी ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात रात्री पडून बुडाला. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा मित्र गेला, तेव्हा लिनियस यांनी त्याची हस्तलिखिते सोडवून घेतली आणि १७३८ मध्ये माशांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध करून करार पाळला. त्या सुमारास जॉर्ज क्लिफर्ड या धनाढ्य व्यापाऱ्याच्या बागेत काम करताना जगभरच्या वनस्पती त्यांच्या नजरेखालून गेल्या. मायदेशी परतल्यावर १७३९ मध्ये विवाह झाला, आणि १७४१ मध्ये ते उप्सालाला प्राध्यापक झाले.

त्यांच्या कीर्तीचा पाया ठरलेला ‘स्पीशीज प्लँटारम’ हा दोन खंडांचा ग्रंथ १७५३ मध्ये आला. त्यापूर्वी एखाद्या झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णन असे. नवी जाती सापडली की जुन्या वर्णनात शब्दांची भर पडे. कोणाला ते लक्षात ठेवणे शक्य नव्हते. लिनियस यांनी वर्णन वेगळे ठेवले आणि नाव वेगळे केले. सुमारे सहा हजार वनस्पतींना त्यांनी दोन शब्दी नाव दिले. आपल्याकडील वड, पिंपळ, आंबा आणि डाळिंब यांची शास्त्रीय नावेही याच ग्रंथातली. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा सतराव्या शतकातील बारा खंडांचा ग्रंथ त्यांना भारतीय झाडांसाठी फार उपयोगी पडला. त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन यांच्यासारख्या केरळी वैद्यांचे ज्ञान होते.

घरच्या स्प्रूसच्या बाबतीत मात्र लिनियस यांनी एक घोटाळा करून ठेवला. पाइन, स्प्रूस, फर, लार्च, सीडर या सर्वांना त्यांनी ‘पायनस’ या एकाच प्रजातीत कोंबले. इतकेच नव्हे, तर प्राचीन रोमन लेखक ज्या अर्थाने ‘पायसिया’ आणि ‘एबीस’ हे शब्द वापरीत, त्यांची अदलाबदल केली. स्प्रूसला फरचे नाव मिळाले, फरला स्प्रूसचे. पुढच्या संशोधकांनी प्रजाती वेगळ्या केल्या आणि १८८१ पासून स्प्रूसचे नाव ‘पायसिया एबीस’ झाले. म्हणजे या झाडाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘स्प्रूस फर’ असा विनोदी होतो. आडनाव बदलले, पण लिनियस यांनी दिलेला दुसरा शब्द चुकीचा असूनही टिकला. नियमच तसा आहे: आडनाव नव्या ज्ञानानुसार बदलू शकते, जातीचे जुने नाव शक्यतो सोडायचे नाही. त्यामुळे २५०-३०० वर्षांपूर्वीच्या नोंदीपर्यंत माग काढता येतो.

स्प्रूसच्या बाबतीत ही चूक दुरुस्त होऊ शकली, कारण झाड समोर उभे होते. त्याचे शंकू हातात घेता येत होते, वाळवलेली फांदी कागदावर चिकटवून शंभर वर्षांनी पुन्हा तपासता येत होती. सूक्ष्मजीवांचे तसे नव्हते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे लेवेनहूक यांनी सतराव्या शतकातच आपल्या भिंगांतून जिवाणू पाहिले होते. लिनियस हॉलंडला पोहोचले, त्याच्या बारा वर्षे आधी लेवेनहूक वारले होते. लिनियस यांचा स्वभाव मोजण्याचा आणि हाताळण्याचा. जे धड दिसत नाही, ज्याला पाकळी नाही आणि पान नाही, त्याची मांडणी करायची कशी, हा त्यांच्यापुढचा पेच होता.

तो त्यांनी टाळला नाही. १७५७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने प्रबंध मांडला, त्यात देवी, गोवर यांसारखे पुरळाचे रोग सूक्ष्म सजीवांमुळे होत असावेत, असा तर्क होता. पुढे पिकांच्या रोगाकडेही त्यांचे लक्ष गेले. गव्हाच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, त्या रोगाला आपल्याकडे काणी म्हणतात. ही भुकटी संसर्गजन्य आहे, हे फ्रान्समध्ये तिये यांनी १७५५ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. ऑटो फॉन म्युन्शहाउझेन या जर्मन उमरावाने, ती कोमट पाण्यात भिजवली असता तिच्यातून हालचाल करणारे जीव निघतात, असा दावा केला. लिनियस यांना तो पटला. लंडनचे निसर्ग-अभ्यासक जॉन एलिस यांनी हा दावा खोडून काढला. पाण्यातले जीव वेगळे आणि काणी वेगळी, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

‘सिस्टिमा नॅचुरी’ची बारावी आवृत्ती निघाली, तेव्हा डझनभर पानांच्या त्या पुस्तकाचे तीन जाडजूड खंड झाले होते. १७६७ मधील भागात कृमींच्या वर्गाच्या अगदी शेवटी लिनियस यांनी एक नवीन प्रजाती उघडली. तिचे नाव ‘केऑस’. म्हणजे सृष्टी आकाराला येण्यापूर्वीचा अव्यवस्थित पसारा. पाण्यातील सूक्ष्म जीव त्यांनी तिच्यात टाकले, आणि ‘केऑस उस्टिलागो’ या नावाने पिकावरील काणीही तेथेच ठेवली. पुरळाच्या रोगांचा संसर्ग, तापाचे कारण, उपदंशाचे विष अशा आणखी काही गोष्टींची यादी देऊन त्या सजीव आहेत की नाहीत, याचा निर्णय त्यांनी पुढील पिढ्यांवर सोपवला.

स्वतःविषयी लिनियस यांना कमालीचा अभिमान होता. देवाने सृष्टी निर्माण केली आणि लिनियसने ती लावून ठेवली, अशी त्यांची भावना होती. अशा माणसाने आपल्या महाग्रंथाच्या टोकाला आपल्याला न उलगडलेल्या गोष्टींचा एक कप्पा उघडा ठेवावा, ही गोष्ट लहान नव्हे. तपशिलात ते चुकले. काणी हा प्राणी नव्हे, बुरशी आहे. पण रोगाचे कारण ही एक सजीव जाती असू शकते आणि म्हणून तिला नाव देता आले पाहिजे, ही दिशा बरोबर होती.

हीच सावधगिरी त्यांनी माणसाच्या वर्गीकरणात दाखवली नाही. मानवाला वानरांच्या शेजारी बसवण्याचे धाडस त्यांनी केले. पण त्याच मानवाचे खंड आणि रंग यांवरून चार प्रकार पाडून, १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येकाला स्वभावाचे गुणदोषही चिकटवले. युरोपीय माणूस त्यात अर्थातच सरस ठरला. पुढच्या काळातील वंशवादाला या मांडणीचा आधार मिळाला. नाव देणे हे ज्ञानाचे साधन आहे, तसेच ते अन्यायाचेही होऊ शकते, हा त्यांच्या चरित्रातील काळा भाग वगळून चालणार नाही.

त्यांच्या ध्यासाची किंमत इतरांनीही मोजली. जगभर नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी आपले शिष्य धाडले. हॅसलक्विस्ट स्मर्ना येथे, फोर्सकॉल येमेनमध्ये, लोफलिंग दक्षिण अमेरिकेत मरण पावले. त्यांचे आणखी एक शिष्य योहान कोनिग १७६८ मध्ये तामिळनाडूतील तरंगमबाडी येथे आले, त्यांनी भारतीय वनस्पतींचा मोठा अभ्यास केला आणि १७८५ मध्ये भारतातच देह ठेवला. पेट्या परत येत, माणसे येत नसत.

१७७४ नंतर लिनियस यांना पक्षाघाताचे झटके आले. वाचा अडखळू लागली, स्मरणशक्ती ढासळली. हम्मारबी येथील शेतघरात कोणी त्यांच्यासमोर त्यांचेच ग्रंथ ठेवले, तर ते आनंदाने चाळत. पण ते आपण लिहिले आहेत, हे त्यांना कळत नसे. हजारो झाडांना नावे देणाऱ्या या माणसाला अखेरीस स्वतःचे नावही आठवेनासे झाले. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेतला. सुमारे १४ हजार वनस्पती-नमुन्यांसह तो १७८४ मध्ये लंडनला गेला आणि तेथे १७८८ मध्ये लिनियन सोसायटी स्थापन झाली.

‘केऑस’चा कप्पा मात्र उपसला जायला शंभर वर्षे लागली. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय येथे टॉमस बरिल यांनी नासपतीच्या झाडांचा करपा जिवाणूमुळे होतो, हे दाखवून दिले. वनस्पतींनाही जिवाणूंचे रोग होतात, हे त्यानंतर हळूहळू मान्य झाले. डाळिंबावरील ज्या रोगाला महाराष्ट्रातील शेतकरी तेल्या म्हणतो, तो भारतात १९५२ मध्ये प्रथम दिल्लीत नोंदला गेला. १९५९ मध्ये त्याच्या जिवाणूला ‘झॅन्थोमोनास प्युनिकी’ हे नाव मिळाले. यातील पहिला शब्द जिवाणूच्या पिवळ्या रंगावरून. दुसरा डाळिंबाच्या ‘प्युनिका’ या नावावरून, जे लिनियस यांनीच १७५३ मध्ये नोंदवले होते. पुढे या जिवाणूला आधी ‘कॅम्पेस्ट्रिस’, मग ‘ॲक्झोनोपोडिस’ आणि अखेर ‘सिट्री’ या जातीत हलवण्यात आले. परंतु डाळिंबाची खूण सांगणारा ‘प्युनिकी’ हा शब्द उपप्रकाराचे नाव म्हणून टिकला. स्प्रूसच्या ‘एबीस’सारखाच.

दोघांच्या नोंदवह्यांतील फरकही बोलका आहे. वनस्पतींची नावे १७५३ च्या ग्रंथापासून मोजली जातात. जिवाणूंच्या नावांत इतका गोंधळ माजला होता, की जुनी पाटी पुसून १ जानेवारी १९८० पासून नव्याने सुरुवात करावी लागली. जे लिनियस यांना जमले नव्हते, ते त्यांच्या वारसांनाही सहजासहजी जमले नाही.

स्प्रूसचा जनुकीय आराखडा २०१३ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकजण उमेओचे. याच गावावरून लिनियस घोड्यावर बसून उत्तरेला गेले होते. स्प्रूसचा आराखडा सुमारे २००० कोटी अक्षरांचा आहे, तेल्याच्या जिवाणूचा सुमारे ५० लाखांचा; म्हणजे अंतर चार हजार पटींचे. जनुके मात्र स्प्रूसमध्ये २८ हजारांच्या आसपास आणि जिवाणूत चार हजारांहून थोडी अधिक, म्हणजे सात पटीच. स्प्रूसचा उरलेला बराचसा पसारा पुनःपुन्हा आलेल्या मजकुराचा आहे. पण लिपी दोघांचीही एकच, चार अक्षरांची. पुंकेसर मोजणाऱ्याला न गवसलेले नाते या लिपीत सापडले.

हे केवळ शास्त्रज्ञांचे कौतुक नव्हे. २००० नंतरच्या दशकात तेल्याने महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागा झोडपल्या, तेव्हा फळावरचा डाग बुरशीचा की जिवाणूचा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा होता. बुरशीची बहुतेक औषधे जिवाणूवर चालत नाहीत. शत्रूचे नाव ठाऊक नसेल तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि बागही जाते. नाव विसरले तर ज्ञान हातचे जाते, हे रॉशुल्टच्या त्या मुलाला वडिलांनी बागेत शिकवले होते. जे ओळखले त्याला नाव द्यावे आणि जे ओळखता आले नाही त्याला जागा राखून ठेवावी, ही त्यात त्याने स्वतः घातलेली भर.